तळघरातून थेट प्रक्षेपण

२ ऑगस्ट

आजपासून रोजनिशी. यशस्वी लोक रोज लिहितात म्हणे. निर्णय, त्यामागचा विचार आणि निकाल, एवढंच लिहायचं. पाल्हाळ नको.

निर्णय: खेळवाहिनीच्या माणसाला परत पाठवलं. फुटबॉल लीगचं चॅनेल या भागात एकाच केबलवाल्याला देणार, असं म्हणत होता. रस्त्याच्या अलीकडे माझी केबल, पलीकडे साडूची. त्याला आजच्या आज सही हवी होती. मी म्हटलं, बघू. चहासुद्धा विचारला नाही. सौद्यात आपली गरज समोरच्याला दिसता कामा नये.

विचार: गरज त्यांना आहे.

निकाल: संध्याकाळपर्यंत फोन करतील.

३ ऑगस्ट

फोन नाही. माणूस इथून सरळ साडूकडे गेला. तिथे त्याला चहा मिळाला, बिस्किटं मिळाली आणि त्याने चॅनेल देऊन टाकलं. हे मला बायकोकडून कळलं आणि तिला तिच्या बहिणीकडून. एवढं सांगून बायकोने माझ्यापुढे चहा आणि दोन बिस्किटं ठेवली.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. नात्यात मी थोरला जावई आणि धंद्यातही थोरलाच. वायर सोलायला त्याला मी शिकवलं. तेव्हा त्याने अंगठा कापून घेतला होता. अशा माणसापासून मला धोका नाही.

शिवाय फुटबॉलचं वेड वगैरे सगळं पेपरवाल्यांनी पसरवलेलं असतं.

५ ऑगस्ट, संध्याकाळ

लीग सुरू. माझ्याकडे त्या चॅनेलच्या जागी नुसता निळा पडदा दिसत होता. ते बरं दिसेना म्हणून मत्स्यालयाची सीडी लावली. संथ संगीत, रंगीत मासे. दमून घरी आलेल्या माणसाला आणखी काय हवं?

भरपूर फोन आले. प्रेक्षक जागा आहे. एकाने विचारलं की तो नारिंगी मासा कुठल्या टीमकडून खेळतो. एका बाईंच्या यजमानांनी रिमोट फेकला, तो खिडकीतून खाली गेला, तर नवा मिळेल का अशी चौकशी होती. बाकीच्यांना कनेक्शन तोडून हवं होतं. तात्पुरता राग आहे, उतरेल.

७ ऑगस्ट

टॉवरच्या सेक्रेटरींचा फोन. टॉवर म्हणजे रस्त्याच्या अलीकडची उंच सोसायटी, माझ्या धंद्याचा कणा. तो गेला तर माझ्याकडे मागच्या गल्लीतली चार घरं आणि एक दवाखाना उरतो. दवाखान्यातला टीव्ही तसाही बंद असतो.

सेक्रेटरी म्हणाले की लोक फार कुरकुरतायत. ३० तारखेच्या मीटिंगमध्ये एकदाच ठरवून टाकू. सगळ्या टॉवरला एकच केबल, तुमची नाहीतर तुमच्या साडूंची. दोघांनी यावं आणि आपापलं म्हणणं मांडावं.

म्हणजे मला भाषणाला बोलावलंय. साडूला चार माणसांत तोंड उघडता येत नाही. टॉवर खिशात!

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, भाषणात फुटबॉल दाखवता येतोय का बघ.

१० ऑगस्ट

सुचलं. भलतंच मोठं सुचलं.

सासरे टॉवरमध्ये तळमजल्यावर राहतात. रोज संध्याकाळी तळघरात टेबल टेनिस खेळतात. निवृत्त मंडळींचा ग्रुप आहे. सासरे त्यातले अपराजित खेळाडू. ही माहिती त्यांनीच मला वेळोवेळी दिलेली आहे. आज त्यांचा केबलचा बॉक्स दुरुस्त करायला गेलो तर घराला कुलूप. तळघरात उतरलो. तिथे सासरे आणि डेंटिस्ट यांची जुंपली होती. डेंटिस्टही निवृत्तच, पण अजून समोरच्याला तोंड उघड म्हटल्यासारखेच बोलतात. चेंडू टेबलाच्या कडेला लागला की नाही, हा वाद. खेळ पाच मिनिटं, भांडण अर्धा तास. आणि बघ्यांची ही गर्दी! वॉचमन, पोस्टमन, भाजीची पिशवी हातात धरून उभ्या असलेल्या दोन बायका. जागचं कुणी हलेना.

लोकांना खेळ हवाय ना? मग घ्या खेळ. माझं स्वतःचं स्पोर्ट्स चॅनेल. थेट तळघरातून.

१२ ऑगस्ट

हक्क मिळवले. खेळवाहिनीसारखंच केलं, फक्त मीच दाखवणार, दुसऱ्या कुणी दाखवायचं नाही. सगळ्या खेळाडूंच्या सह्या घेतल्या. बदल्यात नवी ट्यूबलाइट, नवे चेंडू आणि संध्याकाळी थंड पाणी. या वेळी चहासुद्धा पाजला. माणूस चुकांतून शिकतो, जरी चूक माझी नसली तरी.

सासऱ्यांची एक जादा अट होती. त्यांचं नाव घेताना प्रत्येक वेळी आधी ‘अपराजित’ म्हणायचं. मान्य केलं. डेंटिस्ट कुत्सित हसले.

कॅमेरा घरचाच. बारशा-लग्नाचा. कॉमेंट्री मी स्वतः करणार.

१४ ऑगस्ट

पहिलं प्रक्षेपण झालं. ऐतिहासिक दिवस.

किरकोळ त्रुटी: चेंडू दिसत नाही. पांढरा चेंडू, मागे पांढरी भिंत. एक फोन आला की हे दोन म्हातारे डास मारतायत का. मी शांतपणे सांगितलं की हे टेबल टेनिस आहे. पलीकडून विचारलं, मग टेबल कुठाय. टेबलही दिसत नव्हतं, कॅमेरा जरा वर झाला होता.

फोरहँड आणि बॅकहँड यांत माझी दोनचारदा गल्लत झाली. पण आवाज खणखणीत लागला. कॉमेंट्रीत आवाज महत्त्वाचा.

१५ ऑगस्ट

आमच्या हॉलचा गडद हिरवा पडदा काढून तळघरात भिंतीवर लावला. चेंडू लख्ख दिसू लागला. आता समोरच्या बिल्डिंगला आमचा हॉलही लख्ख दिसतो, असं बायकोचं म्हणणं. तिला सांगितलं की कुठल्याही मोठ्या उद्योगाच्या सुरुवातीला घरच्यांना थोडी झळ सोसावी लागते. ती म्हणाली की झळ नाही, ऊन येतंय.

१८ ऑगस्ट

कमाल झाली! लोक बघतायत!

खोटं नाही. टॉवरच्या लिफ्टमध्ये एका बाईंनी स्वतःहून विचारलं की आज डेंटिस्ट आहेत का. वॉचमनने मला सलाम ठोकला. तिसऱ्या मजल्यावर एका घरात फुटबॉल सोडून आमचं चॅनेल लावलेलं होतं. म्हणजे त्यांच्याकडे साडूचंही कनेक्शन आहे, हे त्यातून कळलं. पण तो मुद्दा आज नको.

खेळाचं फारसं कुणाला काही पडलेलं नाही. सगळे भांडणासाठी थांबतात. सासरे म्हणाले लागला, डेंटिस्ट म्हणाले नाही लागला, की घरोघर दोन तट पडतात. आज तर वादात चष्मे काढून झाले, बॅट आपटून झाली, एकमेकांच्या जुन्या नोकऱ्यांवर बोलून झालं. फोनवर फोन. सगळ्यांचा एकच प्रश्न, रिप्ले आहे का.

का नाही? आता रिप्लेही देणार.

पुढचा विचार: बॅडमिंटन, कॅरम, मग गच्चीवरची सकाळची चालण्याची शर्यत. हळूहळू साडूची केबल विकत घेऊन टाकायची. त्याला कामावर ठेवीन. नात्याचा माणूस आहे.

२० ऑगस्ट

रिप्ले दाखवला.

जरा सविस्तर लिहितो, म्हणजे उद्या कुणी माझ्या हेतूवर शंका घ्यायला नको. हेतू सासऱ्यांना खूश करण्याचा होता. कालचा वादग्रस्त चेंडू कडेला लागला होता हे एकदा पडद्यावर सिद्ध झालं असतं, तर डेंटिस्टांचं तोंड कायमचं बंद झालं असतं. सासऱ्यांनी मान डोलावून परवानगी दिली होती. बघ्यांसाठी टीव्ही खाली आणून ठेवला. मग सावकाश गतीत रिप्ले लावला आणि टीव्हीकडे पाठ करून, प्रेक्षकांकडे तोंड करून बोललो. बघा, म्हटलं, किती स्पष्ट लागलाय. पुन्हा बघा. आणि हे जवळून.

लोक हसायला लागले, तेव्हा वळलो. चेंडू टेबलापासून चांगला वीतभर लांबून गेला होता.

त्याच रिप्लेमध्ये आवाजही होता. सासरे गुण मोजताना सहावरून एकदम आठवर गेल्याचं सगळ्या टॉवरने ऐकलं. टाळ्या वाजल्या.

सासऱ्यांनी बॅट कव्हरमध्ये घातली, चेन लावली आणि माझ्याकडे न बघता जिना चढून गेले.

प्रेक्षकसंख्या मात्र आजवरची सर्वांत जास्त असणार.

२१ ऑगस्ट

सासरे फोन उचलत नाहीत. दार उघडत नाहीत. आत टीव्ही चालू असल्याचं ऐकू येत होतं. फुटबॉलचा आवाज होता. म्हणजे साडूने तिथे वायर टाकली. माझ्याच सासऱ्यांच्या घरात!

बायकोने आज दिवसभर मला ‘तुम्ही’ म्हटलं. एरवी एकेरी बोलते.

२३ ऑगस्ट

गद्दारी. साडूने पलीकडच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये टेबल टेनिसचं टेबल लावलं. सगळे खेळाडू तिकडे गेले, सासरे सगळ्यांच्या पुढे. डेंटिस्टसुद्धा! माझा सह्यांचा कागद दाखवला तर डेंटिस्ट म्हणाले की तो तुमच्या तळघराचा आहे, आम्ही कुणाच्या तळघराचे नाही.

साडूने त्यांना काय दिलं? ट्यूबलाइट नाही, चेंडू नाहीत, काही नाही. एकच शब्द दिला, रिप्ले दाखवणार नाही. डेंटिस्टांना रिप्लेची धास्ती का, असं मी विचारलं. ते म्हणाले की उद्या माझाही काढाल.

२५ ऑगस्ट

टीव्हीवर चित्राच्या खालून सरकती पाटी फिरवली, रिप्ले कायमचा बंद. लगेच तीन खेळाडू परतले. तिघंही अगदी सभ्य. आपणहून चेंडू बाहेर गेल्याचं सांगतात, एकमेकांना सॉरी म्हणतात. फार उच्च दर्जाचा खेळ झाला.

फोन आले. रिप्ले का बंद, भांडण का नाही, अपराजित कुठे आहेत. एकाने मासे परत लावायला सांगितलं.

खेळाडूंना रिप्ले नको, प्रेक्षकांना रिप्लेच हवा. दाखवला तर खेळाडू जातात, नाही दाखवला तर बघणारे. या दोघांच्या मधून वाट काढणारा माणूसच या धंद्यात टिकतो. वाट काढतोच.

२६ ऑगस्ट

वाट निघाली नाही. कपाळ तेवढं दुखतंय.

२७ ऑगस्ट

बायकोने आज समोर बसवून घेतलं. म्हणाली की टॉवर राहिला काय, गेला काय, ती बघून घेईल, पण बाबा तिच्याशीसुद्धा धड बोलत नाहीत, तुझ्या नवऱ्याने मला चारचौघांत खोटं पाडलं म्हणतात. एका माणसाने तीस वर्षं बँकेत दुसऱ्याचं अचूक मोजलं, आता घरच्या खेळात एखादा गुण जास्त मोजला तर मोजू दे की, म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला फार वाईट वाटलं. खरंच वाटलं.

म्हणाली की चारचौघांत पाडलंत तर चारचौघांत उचला.

बरोबर आहे. आणि योजना इथेच सुचली. ३० तारखेला, मीटिंगच्या आधी, खास प्रक्षेपण. सगळ्या टॉवरसमोर सासऱ्यांची माफी. सासरे विरघळणार. ते परतले की डेंटिस्ट परतणार, कारण भांडायला दुसरं कोण आहे? दोघं आले की प्रेक्षक आले. टॉवर त्याच रात्री माझा. एका दगडात किती पक्षी ते मोजत बसत नाही.

२९ ऑगस्ट

तयारी जोरात. जाकीट धुऊन आलं. भाषण पाठ. आरशासमोर म्हणताना दोनदा गहिवरलो.

टॉवरमध्ये प्रत्येक दाराखालून चिठ्ठी सरकवली, उद्या संध्याकाळी विशेष कार्यक्रम, अवश्य पाहा. सासऱ्यांच्या दाराखालून दोन सरकवल्या. काही लोक जिन्यात भेटले, सगळे म्हणाले बघू बघू. उत्साह दांडगा आहे.

उद्याच लीगमधली सगळ्यांत मोठी मॅच असल्याचं कळलं. दोन्ही टीम तगड्या. पण माणसाला माणसाची गोष्ट जास्त ओढते.

३० ऑगस्ट, दुपार

सगळं सज्ज. बायको बहिणीकडे गेली. जाताना म्हणाली की मनापासून बोल, पाठ केलेलं बोलू नकोस. पुन्हा एकेरी! हा शुभशकुनच.

आज रात्रीच्या नोंदीत फक्त विजयाचं लिहायचं आहे, म्हणून पुढचं पान कोरं ठेवतो.

३१ ऑगस्ट, सकाळ

काल लिहिलं नाही.

प्रक्षेपण झालं. मी हिरव्या पडद्यासमोर उभा राहिलो, कॅमेरा चालू केला आणि पाठ केलेलं सगळं विसरलो. मग आठवेल ते बोललो. कॅमेरा तिरका होता, चेंडू कडेला लागला होता, सासरे अपराजित होते आणि आहेत. मग न ठरवलेलंही बोलून गेलो. मी केबल सुरू केली तेव्हा या भागात कुणी मला गच्चीवर डिश लावू देत नव्हतं. तेव्हा सासऱ्यांनी स्वतःच्या गॅलरीत जागा दिली, पहिलं कनेक्शन घेतलं आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसत असताना शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं की जावयाची केबल फार स्वच्छ आहे. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नव्हतं. काल दाखवलं. आवाज खणखणीत लागला नाही. मध्ये थांबून पाणी प्यावं लागलं.

कॅमेरा बंद केला आणि फोनजवळ बसलो. फोन आला नाही. माझा नियम असा की फोन नाही म्हणजे सगळे समाधानी. पण बराच वेळ आला नाही, तेव्हा वर गेलो. सासऱ्यांच्या दाराला कुलूप. तिसरा मजला, कुलूप. मीटिंगच्या खोलीत दिवासुद्धा नव्हता. वॉचमन म्हणाला की सगळे पलीकडे गेलेत. मॅच बघायला तुमच्या साडूंनी मोठा पडदा लावलाय.

साडूच्या दारात चपला मावत नव्हत्या. आत टॉवर बसला होता. सेक्रेटरी, डेंटिस्ट, लिफ्टमधल्या बाई, माझे तिन्ही सभ्य खेळाडू, सगळे. बायको मेहुणीबरोबर सगळ्यांना चहा देत होती. सेक्रेटरी म्हणाले की मॅचमुळे मीटिंग चार वाजताच उरकली, पाच मिनिटांत झालं, टॉवर साडूंना दिला. मला कळवायला हवं होतं, असं मी म्हटलं. ते म्हणाले की दोन दिवस सूचना फिरत होती, तुमच्याच चॅनेलवर, खालच्या सरकत्या पाटीत. त्यांनी पाठवलेल्या चिठ्ठीवरून ती मीच टाइप केली होती. वाचली नव्हती.

मग कळलं. बायको इथे, सासरे इथे, टॉवर इथे, आणि मी कॅमेऱ्यामागे नाहीतर समोर. माझं चॅनेल मीसुद्धा बघत नव्हतो.

सासरे सोफ्याच्या मधोमध बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारातच उभा. मग ते डेंटिस्टांना कोपराने ढोसून सरकले आणि मला म्हणाले की बस, होतास कुठे, अर्धी मॅच संपली. मी म्हटलं, जरा काम होतं. पुढे काही सांगितलं नाही. त्यांना मागच्या भांडणातलं काही आठवत असावं असं वाटलं नाही, किंवा आठवत असून त्यांनी नेहमीसारखा तेवढा एक गुण गाळून पुढे मोजलं असेल.

तेवढ्यात गोल झाला. सासऱ्यांनी माझ्या मांडीवर इतक्या जोरात थाप मारली की अजून हुळहुळतंय. चित्र खरंच फार स्वच्छ होतं.

मॅच संपल्यावर साडूने टॉवरचा विषय काढला. लाजत, अडखळत, डोकं खाजवत बोलला. दादा, म्हणाला, एवढा टॉवर मला एकट्याला झेपणार नाही, रस्त्याच्या अलीकडच्या लाइन तुम्हीच बघा, तुमच्यासारखी वायर कुणाला सोलता येत नाही. मी म्हटलं, विचार करून सांगतो. मेहुणी म्हणाली, भावोजी, विचार ताईने आणि मी परवाच केलाय.

मग साडूने विचारलं की तुमच्या घरीही कनेक्शन देऊ का. मी म्हटलं, बघू. बायको म्हणाली, हो.

आज दुपारी आमच्याकडे जोडायला साडूचा माणूस येणार आहे. तो माणूस मीच. वेळेवर पोचायला हवं, बायको फार तक्रारी करते.